गप्प राहिल्यास

“काढून टाक तो ड्रायव्हर एकदाचा,” तिचे साहेब, पाक रुस्दी, हस्नियारच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. “की मुहूर्त काढून आणू?”

साहेब जुम्म्याच्या नमाजाहून नुकतेच परतले होते. डोक्यावरची काळी टोपीही उतरवलेली नव्हती.

हस्नियारने पडद्यावरची यादी वर सरकवली. बेटाबेटांवरच्या आरोग्यकेंद्रांच्या मशीनमधला कर्नल, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं तो गाभा, तीच बांधायची. कुठल्या नेटवर्क कार्डासाठी कुठला ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, त्यात ठेवायचा, हे तिच्या हातात. प्रत्येक नावापुढे तीनच उत्तरं: हो, लागेल तेव्हा, नाही. काहीच उत्तर दिलं नाही, तर कर्नल ते ‘नाही’ धरतो.

एका जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये चोरवाट सापडली होती. तिच्यातून कुणीही पेशंटांच्या नोंदींपर्यंत पोचलं असतं. म्हणून सोमवारी सकाळी तिने चाचणीपुरता तो बंद करून नवी आवृत्ती सगळीकडे धाडली आणि मागोमाग केंद्रांना मेल केला: कुणाकडे अजून जुनं कार्ड असल्यास शुक्रवारच्या नमाजाआधी कळवा. गप्प राहिल्यास हरकत नाही असं समजू.

या धंद्यातली ही जुनी रीत. विचारायचं, थांबायचं, कुणी बोललं नाही की काढून टाकायचं. भांडणं होत नाहीत आणि कामंही उरकतात.

“एकाचा तरी मेल आला?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर. नवी कार्डं वाटून वर्ष होत आलं. आणि बेटावरची माणसं गप्प बसणारी आहेत होय? पंख्याचा आवाज येतो म्हणूनसुद्धा मला मेल टाकतात.”

“थोडं थांबते, साहेब. शेवटची आवृत्ती आहे. एकदा गेली की परत मागे घेता यायची नाही.”

“तुझं लक्ष फोनकडे आहे, नियार. कार्डाकडे नाही.”

ते खरंच होतं.

रविवारी रात्री तिने वडिलांना लिहिलं होतं, की तिला अकमलशी लग्न करायचंय. तोंडाने सांगायचा धीर झाला नव्हता. लांबेना बेटावरच्या आरोग्यकेंद्रात ते आरोग्यसेवक. समुद्रावर जाणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, असं ते तिच्या लहानपणापासून म्हणत. अकमलला जहाजावर दोन वर्षांची नोकरी लागली होती. विमान आज दुपारी होतं. “तुझे बाबा हो म्हणाले तर जात नाही. इथेच गॅरेज टाकीन,” असं तो म्हणाला होता.

बाबांनी निरोप वाचला होता. निळ्या खुणा रविवारीच आल्या होत्या. उत्तर मात्र नाही. मंगळवारी तिने नुसतं ‘बाबा?’ एवढंच पाठवलं, ते अजून एकाच खुणेवर अडकलं होतं. बाबा रागावले की फोन बंद करून कपाटात ठेवतात. वस्तू कपाटात ठेवायची त्यांना हौसच. तिने ईदला पाठवलेला शर्ट अजून घडीचा तिथेच आहे, आणि पंखा खोक्यात. जुनं चालतंय ना, मग नव्याला कशाला त्रास, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई गेल्यावर ह्याच माणसाने तिची वेणी घातली होती. त्याच्या मनाविरुद्ध लग्न तिला करायचं नव्हतं.

फोन थरथरला. अकमल होता.

“बोलले?”

“नाही.”

“वाचलंय ना पण?”

“रविवारीच वाचलंय.”

मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

“मग तेच उत्तर म्हणायचं,” तो म्हणाला. “तुझे बाबा तोंडावर नाही म्हणणाऱ्यातले नाहीत. आता आत बोलावतायत. जाऊ मी?”

जाऊ नकोस, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण बाबांच्या त्या निळ्या खुणा डोळ्यांपुढे आल्या.

“नियार?”

ती काही बोलली नाही.

“बरं,” अकमल म्हणाला. “समजलो.”

फोन बंद झाला. तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि जुन्या कार्डाच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलं. कर्नल बांधून होईपर्यंत ती पडद्याकडे बघत बसली. मग आवृत्ती रवाना केली.

“शाब्बास,” पाक रुस्दी म्हणाले. “चल, पिसांग एपे मागवतो. तोंड बघ कसं एवढंसं झालंय.”

गुळाच्या पाकातली भाजकी केळी आली, पण तिने बशी बाजूला सारली. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

“नियार पोरी, मी डाएंग सिला, बोटवाला. आत्ताच बंदराला लागलो. हाश्श, इथे टॉवर तरी मिळतो. तुझ्या बाबांचा निरोप आहे.”

“बाबा कसे आहेत?”

“ठणठणीत आहेत. वैतागलेत नुसते. अगं, सोमवारी तुमच्याकडून काहीतरी नवं आलं, तेव्हापासून केंद्रातलं मशीन नेटच धरत नाही. बेटावर टॉवर नाही, त्यामुळे केंद्राचं वायफाय बंद म्हणजे अख्ख्या बेटाचे फोन बंद. तुमच्या हापिसाला कळवायचं तर कसं?”

हस्नियार उठून उभी राहिली. “पण नवं कार्ड दिलं होतं ना त्यांना?”

“ते होय? आहे की कपाटात, प्लास्टिकसकट. जुनं चालत होतं ना,” बोटवाला हसला. “बरं, खरा निरोप राहिलाच. सोमवारपासून रोज सकाळी तुला ‘हो’ लिहून पाठवतायत म्हणे, पण ते जातच नाही. त्या पोराला जहाजावर तेवढं जाऊ देऊ नकोस म्हणालेत.”