पलीकडून

त्र्याण्णवच्या भूकंपात रामकिसनचं निम्मं घर बसलं आणि त्याची थोरली बहीण संगी त्यात गेली. उरलेल्या दगडी भिंतीनं तेव्हापासून पोट काढलेलं. आता आरपार सळया घालून ती भिंत आवळायला लोहाऱ्याहून पिराजी गवंडी आला होता.

"ठोकाठोकीचा तुमच्या आईला तरास व्हईल, मालक."

"न्हाय हो. आई लई घट्ट हाय. इतक्या वर्षांत तिनं संगीचं नावबी काढलं न्हाय," असं म्हणून रामकिसन शेताकडं निघून गेला.

पिराजी खोलीत शिरला. भिंत कुठं पोकळ आहे ते बघायला त्यानं हातोडीनं हळूच दोन-तीन ठोके दिले. पलीकडूनही ठोके आले. भास झाला असेल म्हणून त्यानं पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर आलं, आणि मागोमाग दगड घरंगळल्याचा आवाज. हातोडी टाकून तो बाहेर धावला.

भिंतीच्या पलीकडं, बसलेल्या घराच्या जागी, रामकिसनची आई, द्वारकाबाई, दगड नखांनी उपसत होत्या. बोटं रक्तानं माखलेली, तोंड फटीला लावलेलं.

 

"आले गं संगे, आले! या बारीला ठोकायचं थांबू नगंस!"