दुसऱ्याचा पाय

नवरीच्या ब्लाउजवर टीप मारताना मामंजींचा दोरा पुन्हा तुटला. नवरीची आई पर्स मांडीवर घेऊन समोरच बसली होती. हळद लागायला तासच उरला होता.

मामंजींनी रीळ बदललं, बॉबिन काढून फुंकली, दोऱ्याचं टेन्शन सैल केलं. टीप दोन बोटं पुढे जाई आणि दोरा तटकन तुटे.

"दुसऱ्याचा पाय लागल्याशिवाय माझी मशीन असा त्रास देत नाही," ते पुटपुटले.

कोपऱ्यात हूक लावत बसलेल्या सुनेचा हात थांबला. दुपारी ते जेवून आडवे झाले, तेव्हा तीच मशीनवर बसली होती. सुई मोडली, म्हणून घाईघाईत दुसरी बसवली होती.

"द्या इकडे. दुसरीकडे बघते मी." नवरीची आई उठली.

"मामंजी," सून म्हणाली, "सुई उलटी बसली असेल. मी बसवलीय."

त्यांनी सुई फिरवून बसवली. टीप सरसर गेली.

ब्लाउज घेऊन बाई गेल्यावर त्यांनी हात पुढे केला. "काय शिवत होतीस, दाखव."

तिनं चिंधी दिली. तिच्यावरची अर्धवट टीप ते नखानं चाचपत राहिले. मग स्टुलावरून उठले.

"बस. सुई मोडली तिथून पुढे घाल."