अर्धा स्वर

शिलाँगमध्ये रविवारी गिटारवाले जमले, की कोणाच्या तारा जाड, कोणाचा अँप गोड यावर वाद ठरलेला. किरमेन आणि थोरला भाऊ बान्शान या दोघांत एकच इलेक्ट्रिक गिटार. बान्शानला तारा अर्धा स्वर उतरलेल्या हव्या, किरमेनला चढ्या. यावरूनच अबोला झाला, आणि तो सुटायच्या आत बान्शान वारला.

आता किरमेन रोज तारा चढवून गिटार पेटीत ठेवी. सकाळी त्या उतरलेल्या असत.

"दमट हवा रे. इथे माणसं ढिली पडतात, तारांचं काय घेऊन बसलास," त्याने हे सांगितल्यावर रविवारच्या गिटारवाल्यांतला लाम हसला.

"सहाही तारा? मोजून अर्धाच स्वर?"



त्या संध्याकाळी किरमेनने स्वतःच तारा उतरवल्या. "तुझंच खरं, बाह," तो थोरल्या भावाला हाक मारावी तसा पुटपुटला.

 

सकाळी पेटी उघडली, तर सहाही तारा चढलेल्या होत्या.