अजून एक वीत

“ताई, गाडी आत लागली की ओवाळायला मी आहे. तुम्ही फक्त मागं उभं राहून ती नीट आत घ्यायला लावा,” धाकटी जाऊ म्हणाली. हे गेल्यापासून ओवाळणीचं ताट माझ्या हाती कुणी देत नाही.

दिरांची नवी गाडी म्हणजे हत्तीच. गॅरेज मात्र जुनंच, मध्ये भिंत घालून वाटलेलं. यांचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तेव्हा दिरांनी ती भिंत वीतभर माझ्या बाजूला सरकवून बांधली. “तुमच्या स्कूटीला किती जागा लागते, वहिनी?” म्हणाले होते.

मी शटरपाशी उभी राहिले. “आरसे मिटा, भाऊजी. येऊ द्या... थोडं डावीकडे... येऊ द्या... बास!”

एक ओरखडा नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरली होती. गाडी बुक झाली त्याच दिवशी मी गॅरेज टेपनं मोजून हिशेब केला होता, तेवढीच.

दार किंचित उघडलं आणि भिंतीला टेकलं. पलीकडचंही तसंच.

“वहिनी, मागं घेतो. बघा जरा!”

“मला आत घ्यायला लावायचं सांगितलंय.”

ओरखड्याच्या भीतीनं गाडी मागं घ्यायला लावायची बाकी कुणाची हिंमत होईना. शेवटी डिकी उघडली आणि रेशमी झब्ब्यातले भाऊजी सीटांवरून रांगत, ताट घेतलेल्या जावेसमोर बाहेर आले.

उतरायला मीच हात दिला. म्हटलं, “भिंत बांधताना अजून एक वीत घ्यायची होतीत, भाऊजी.”