होरोचा बिटरेट

रंगेलनं व्हिडिओतला तो लाल शर्ट पुन्हा एकदा थांबवून बघितला. सकाळपासून त्यानं तो इतका बघितला होता, की तिकडे दोरीवर वाळणाऱ्या खऱ्या शर्टाचाही रंग उडाला असेल.

शर्ट होता वेल्कोचा. वेल्को स्पेनला फरश्या बसवायला गेला आणि स्वतःला नवे दात बसवून आला. दात असे पांढरे, की परवा गावच्या जत्रेत तो हसला तेव्हा क्लॅरिनेटवाल्याला डोळे मिटून वाजवावं लागलं. आणि हसत होता कुणाचा हात धरून? रंगेलच्या बायकोचा, दोन्काचा. अख्खा होरो संपेपर्यंत. आता होरो म्हटला की गाव हातात हात घालून साखळीनं नाचतं, कुणी ना कुणी कुणाचा हात धरणारच, हे रंगेलला माहीत होतं. पण माहीत असून काय होतंय? मत्सरानं तो असा तापला होता, की त्याच्याजवळ ठेवलेली कॉफी दुपारपर्यंत वाफाळत होती.

पाठीमागे दोन्का लाल मिरच्या भाजत होती आणि तिची आई, गिना आजी, टेबलाशी बसून त्यांची सालं काढत होती.

"झाला का रे व्हिडिओ?" दोन्कानं विचारलं. "ताईचा स्पेनहून सारखा फोन येतोय. आईच्या लग्नातला नक्षीचा एप्रन घालून मी नाचले, तो बघायचाय तिला."

"चाललंय."

"आणि कापाकापी करू नकोस हं," गिना आजी म्हणाली. "गेल्या वर्षी पोस्टातल्या बाईला कापलंस तू. तेव्हापासून ती माझं पेन्शन सगळ्या गावाचं वाटून झाल्यावर आणते."

म्हणजे कापणं बंद. पण रंगेल लग्नं-बारशी शूट करून पोट भरणारा माणूस, त्याला दुसरी वाट ठाऊक होती. त्यानं एक्स्पोर्टची खिडकी उघडली. रिझोल्यूशन होतं तसंच ठेवलं, फुल एचडी, म्हणजे कुणाला शंका नको. मग बिटरेटच्या चौकटीत गेला. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला चित्राला मिळणारं खाणं. पोटभर घातलं, तर नाचणाऱ्याच्या मिशीचा केस न् केस दिसतो. उपाशी ठेवलं, तर जे जोरात हलतं त्याचे रंगीत ठोकळे होतात. आणि परवा वेल्कोइतकं जोरात कुणीच हललं नव्हतं.

रंगेलनं आकडा खाली आणला आणि छोटासा तुकडा काढून बघितला. दात दिसत होते. आकडा आणखी खाली. दात गेले, हसू राहिलं. आणखी खाली आणला, आणि लाल शर्टाच्या जागी नुसत्या लाल फरश्या घरंगळायला लागल्या. सकाळपासून पहिल्यांदाच रंगेलला भूक लागली. त्यानं एक मिरची उचलून तोंडात टाकली.

"केवढी झाली फाइल?" दोन्कानं विचारलं.

"छोटीच केली. आपलं इंटरनेट माहीत आहे ना तुला."

"गेल्या महिन्यात तर नवी केबल टाकली."

"केबल नवी आहे. गाव जुनं आहे."

आजीची मिरची सोलून व्हायच्या आत व्हिडिओ इंटरनेटवर चढलासुद्धा. दोन्कानं हात पुसले, फोन घेतला आणि आईशेजारी येऊन बसली. क्लॅरिनेट सुरू झालं, अगदी खणखणीत. चित्रात मात्र साखळी हलली आणि फुटली. रुमाल, वेण्या, हात, एप्रन, सगळ्यांचे चौकोन होऊन एकमेकांत मिसळले. गाव नाचत नव्हतं, कुणीतरी कोशिंबीर ढवळत होतं.

"यात मी कुठे आहे?"

"ती काय, डावीकडे," रंगेल म्हणाला. "बहुतेक."

गिना आजीनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "अगं, पण हा कोण? हा बघ कसा झकास आलाय."

रंगेलनं वाकून बघितलं. तपासताना त्यानं फक्त लाल शर्टच तपासला होता. परवा कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून तो स्वतः शाळेच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला होता, हाताची घडी घालून, होरो संपेपर्यंत, खिळा ठोकल्यासारखा. जे हलत नाही त्याला खाणं कमीच लागतं. भिंतीची वीट न् वीट दिसत होती, आणि भिंतीपुढचा तोही. शर्टाची बटणं, आवळलेला जबडा, कपाळावरची शीर, एका जागी रोखलेले डोळे.

व्हिडिओखाली स्पेनहून ताईची ओळ येऊन पडली. दोन्कानं ती मोठ्यानं वाचली. "एप्रन काही दिसला नाही. रंगेलच्या पोटात दुखत होतं का?"

गिना आजी एकदम मिरच्यांकडे बघायला लागली.

"मी साखळीच्या टोकाला उभी होते," दोन्का म्हणाली. "नव्या माणसाला यायचं तर टोकालाच येता येतं. हात मोकळा ठेवून किती वेळ तुझ्याकडे बघत होते. तू जागचा हलेनास, मग वेल्को आला."

"मला नाही दिसलं ते."

"व्हिडिओत होतं की. सकाळपासून तोच तर बघतोयस."

रंगेलचा हात माउसकडे गेला. "थांब, बिटरेट वाढवून परत चढवतो. तासाभरात होईल."

"राहू दे," दोन्का म्हणाली.

तिनं पडद्यावर दोन बोटं ठेवली आणि चित्र मोठं केलं. भिंतीपाशी उभा असलेला माणूस पडदाभर झाला, तरी कुठेच फुटला नाही.