भिंतीपलीकडचं घासणं

रांजणगावच्या भाड्याच्या खोलीत प्राचीने आठवड्यात तिसऱ्यांदा पाळण्यामागच्या भिंतीवर व्हिनेगर फवारलं, खायचा सोडा लावला आणि बुरशी घासायला घेतली. हात भरून आले होते. पण तान्ह्या ओवीचा खोकला थांबत नव्हता.

घासता घासता ती थांबली. भिंतीपलीकडूनही घासण्याचा आवाज येत होता; तो क्षणभर उशिरा थांबला.

तिने जिन्यातूनच घरमालकीणबाईंना विचारलं, "सगुणामावशी, आमच्या भिंतीपलीकडे कोण राहतं हो?"

"पलीकडं? ती बाहेरची भिंत हाय, पोरी, दुसऱ्या मजल्यावरची! तिथं राहिलं तर पारवंच!"

प्राची खोलीत परतली. भिंत स्वच्छ झाली होती. पाळण्यात ओवी गप्प पडून होती.

तिचा खोकला आता भिंतीपलीकडून येत होता, आणि प्राचीच्याच दमलेल्या आवाजात कुणीतरी म्हणत होतं, "उगी, बाळा, उगी."