दह्यासोबत दिलेलं कार्ड

रामकुंडावर नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला दर्भाची अंगठी दिरानं घातली आणि सुमनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो मान लेकाचा, शेखरचा. पण जर्मनीतून त्याचं एकच पालुपद, "आई, खरंच रजा नाही गं!" पिंड मांडले, तेवढ्यात फोन वाजला. बँकेतून मुलगी बोलत होती. "मॅडम, तुमच्या कार्डावरून बालीच्या बीचवर मर्यादेपेक्षा जास्त पैसे काढायचा प्रयत्न झालाय. तुम्हीच का?" परदेशी निघताना शेखरच्या एका हातावर त्यांनी दही ठेवलं होतं, दुसऱ्यावर आपल्या पेन्शनचं डेबिट कार्ड, पिनसकट. आजवर असा फोन आला की त्या "हो, मीच" म्हणून मोकळ्या व्हायच्या. "मी नाशकात आहे!" अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा त्या कडाडल्या. "बंद करा ते कार्ड!" "परदेशात तुमचं कुणी आहे?" सुमनबाईंनी पिंडांकडे पाहिलं. "माझं तिकडे कुणीच नाही."